पाणी हिरवं झालं नाही

९

"गाडी चोरीला गेली," मामा म्हणाला.

हे सांगताना तो ज्या गाडीला टेकून उभा होता, ती त्याचीच गाडी होती. बाटलीसारखी गर्द हिरवी, गोल दिव्यांची, वयाने माझ्याहून मोठी. लहानपणी मी तिच्या मागच्या सीटवर ओकले होते. तो डागसुद्धा जागेवर होता.

"मग ही कोणाची?"

"तेच विचारायला बोलावलंय. तू ठोकलेल्या गाड्या तपासतेस ना?"

तपासते. विमा कंपनीसाठी. धडक कुठून बसली, कोण थापा मारतंय, हे पत्रा बघून सांगायचं. पत्रा माणसांपेक्षा बरा, निदान जबानी फिरवत नाही. पण जागेवर उभ्या असलेल्या गाडीची चोरी माझ्याकडे पहिल्यांदाच आली होती.

मामी गॅरेजच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. "घरी आल्यापासून हेच चाललंय. मी म्हटलं, गाडी तुमची नाही, तर बायको तरी तुमचीच आहे ना, तेही एकदा तपासून घ्या."

एरवी मामा हसला असता. उजवा हात खिशात खुपसून तो माझ्याकडे बघत राहिला. तक्रार करणाऱ्या माणसाचा आवाज असतो तसा त्याचा नव्हता.

"सोमवारी तुझा दादा मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेणार आहे. त्याच्या आत सांग. माझं डोकं गेलंय की गाडी? दोन्हींपैकी एक गेलंय, हे नक्की."

८

मामाचं म्हणणं असं.

रस्त्यावरची खडी उडून गाडीवर बसली की रंगाचा टवका उडतो. टवका तसाच ठेवला तर खालचा पत्रा गंजतो, आणि गंज आगाऊ पाहुण्यासारखा असतो, एकदा टेकला की उठत नाही. म्हणून मामा टवका भरतो. आधी सुईने कडा साफ करायच्या. मग प्रायमरचा ठिपका. मग टोक काढलेल्या काडीने रंगाचा थेंब, खड्ड्यात मावेल एवढाच. वाळला की तो खाली बसतो, मग त्यावर दुसरा. असे थर चढत खड्डा काठोकाठ भरला आणि कणभर वर आला, की साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासून सपाट करायचं. घाईच्या माणसाचं हे काम नाही. त्यामुळे त्या घरात ते दुसऱ्या कोणाला जमत नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी बॉनेटवरचा एक टवका भरताना थेंब मोठा पडला आणि ओघळला. "डोळ्याने दगा दिला," मामा म्हणाला होता. ऑपरेशन झालं. हॉस्पिटल दादाच्या घराजवळ, म्हणून मामा आणि मामी आठवडाभर त्याच्याकडे राहिले. घरी परतल्यावर वाकायची परवानगी मिळताच मामाने पहिलं काम काढलं ते ओघळ घासायचं.

"घासलं. पाणी हिरवं झालं नाही."

"म्हणजे?"

"अगं, हिचा रंग जुन्या पद्धतीचा. नव्या गाड्यांसारखा वरून काचेचा थर नाही. घासलं की रंग पेपरवर येतो, पाणी हिरवं होतं. आयुष्यभर होत आलंय. आता पेपर कोरा, पाणी कोरं. थेंब डोळ्यांना दिसतो, पेपरला लागत नाही. बाजूचे दोन टवके मी अजून भरलेले नाहीत. दिसतात. पण नख फिरव."

मी नख फिरवलं. टवका दिसत होता, आतला पत्रासुद्धा दिसत होता. नख त्यावरून अडखळल्याशिवाय घसरत गेलं. मामाने घासलेल्या जागी पृष्ठभाग धुरकटला होता, श्वास सोडलेल्या आरशासारखा.

"दिसायला माझी आहे," मामा म्हणाला. "हाताला माझी नाही."

 मी नख पुन्हा फिरवलं, आणि मग डोळे मिटून पुन्हा.

७

दादा म्हणजे मामाचा मुलगा. वाद घालताना "हे बघ" म्हणून सुरुवात करतो आणि समोरच्याला काहीच बघू देत नाही.

"हे बघ, गाडी हललेलीच नाही. मीटरचे आकडे तेच आहेत. बाबांना ते पाठ आहेत, त्यांनाच विचार."

विचारलं. मामाने मान्य केलं. आकडे तेच होते.

"आणि फक्त गाडीचं नाहीये ते. चहात साखर घालतात, पुन्हा डबा उघडून बघतात. कुलूप लावतात, ओढतात, परत येऊन ओढतात. मला काय हौस आहे का त्यांना डॉक्टरकडे न्यायची?"

"तुला गाडी विकायची होती."

"होती. अजून आहे. एक जुन्या गाड्यांचा शौकीन मागे लागलाय. म्हणून काय मी बापाचं बॉनेट पळवीन?"

बॉनेट मी म्हटलंच नव्हतं. मी भुवई उंचावली, तर तो चिडला. "अगं, बाबा दिवसभर बॉनेट बॉनेट करतायत! घरातल्या पाली पण आता बॉनेट म्हणतात!"

मामीचं म्हणणं वेगळं. "डोळ्यात नवं भिंग बसवलंय. रंग वेगळे दिसणारच. डॉक्टरच म्हणाले."

आतल्या खोलीतून मामा ओरडला, "बोटात पण भिंग बसवलंय का?"

मामी चहा गाळायला वळली. एरवी ती टोला परत दिल्याशिवाय राहत नाही.

"मामी, त्या आठवड्यात गॅरेजची किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडे. पर्समध्ये. एकदा मी इकडे येऊन गेले, कुंड्यांना पाणी घालायला. एवढंच."

तिने माझ्यापुढे कप ठेवला, आणि मामाचा कप ठेवताना त्या कपाचा कान डावीकडे वळवला.

६

समोरच्या घरातल्या काकांना सगळे कर्नल म्हणतात. सैन्यात ते कधीच नव्हते. पण गॅलरीत उभं राहून गल्लीवर नजर ठेवतात, ती थेट सरहद्दीवर ठेवावी तशी.

"गाडी गेली होती का, काका?"

"जाताना नाही पाहिली. येताना पाहिली."

मी खुर्ची पुढे ओढली. "कशी?"

"तीच तर गंमत. गल्लीच्या टोकाशी ती कंपाउंडची भिंत आहे ना, पुरुषभर उंच. तिच्यावरून वरचा भाग तेवढा दिसला. छप्पर, काच. गाडी माझ्याकडे येत होती, पण तिची पाठ माझ्याकडे होती."

"म्हणजे ती जात होती."

"येत होती! मोठी मोठी होत होती! जाणारी गाडी मोठी होते का?"

"मग रिव्हर्समध्ये येत असेल."

"एवढ्या वेगात? आणि आवाज तिचा नव्हता. तिचा आवाज मी झोपेत ओळखतो, दुसऱ्याच कुठल्या तरी इंजिनाची घरघर होती. आणि ती जमिनीपासून जरा वर चालली होती. पुढचं बघणार, तेवढ्यात सुनेने जेवायला आत बोलावलं." ते जरा ओशाळले. "घरात सांगितलं तर सून म्हणाली, बाबा, आता दुपारचं जेवून झोपत जा."

मी उठले. जिना उतरताना त्यांनी वरून हाक मारली. "आणि तुझ्या मामीला सांग, आठवडाभर कुंड्यांना पाणी मी घातलंय. नळी लांबवून. ती सांगत फिरते, जास्वंद तिच्यामुळे वाचली. माझ्यामुळे वाचली म्हणावं!"

५

माझा निष्कर्ष: कुणीतरी बॉनेट बदललं. नव्या बॉनेटवर नव्या पद्धतीचा रंग, वरून पारदर्शक थर. म्हणून पाणी हिरवं होत नाही.

(मग ओघळलेला थेंब? चोराने चुकीचीसुद्धा नक्कल केली?)

(मीटर?)

(गाडी पाठमोरी आणि जमिनीपासून वर?)

कंसांनी निष्कर्ष खाऊन टाकला. मी कागद फाडला आणि एकदा मनाशी म्हटलंही, की कदाचित दादाचंच बरोबर असेल. मामाने सांगितलं म्हणून माझ्या नखालाही तसं लागत असेल. वेड कधी कधी घरात सर्दीसारखं फिरतं.

मग मी उठून माझ्याच स्वयंपाकघराच्या ओट्यावर नख फिरवलं. तिथला टवका लागला.

४

जुन्या गाड्यांचा रंग करणारा एकच माणूस त्या भागात आहे. त्याला सगळे कलाकार म्हणतात, निम्मं कौतुकाने आणि निम्मं त्याच्या कायमच्या उशिरामुळे. त्याच्या वर्कशॉपकडे जाणारा रस्ता नव्याने करायला घेतला होता. डांबर शिंपडून वर मोकळी खडी पसरलेली. पुढचा टेम्पो जाताच माझ्या काचेवर ताडताड खडे बसले. मी शिव्या घातल्या, त्या सरकारच्या नावाने होत्या.

"मामांची गाडी? नाही ताई. माझ्याकडे नाही आली," तो हात पुसत म्हणाला. नजर माझ्या गाडीच्या बंपरवर.

"बॉनेट बदललंय असा मला संशय आहे."

"बदललंय? त्या गाडीचं?" त्याला खरंच धक्का बसला. "ताई, तसलं बॉनेट आता भंगारात पण मिळत नाही. आणि मिळालं तरी मामांचा हात त्याच्यावर कुठून आणणार? देवाशप्पथ सांगतो, ते बॉनेट जन्माचं आहे."

त्याचं खरं वाटलं. माझा तर्क आडवा झाला. मग उगीच, खडा मारून बघावा तसं मी म्हटलं, "नवे टवकेही आलेत गाडीवर."

"शक्यच नाही!"

"का?"

"पुढून त्या गाडीला आता टवका उडूच शकत नाही," कलाकार अभिमानाने म्हणाला. आणि मग त्याने तोंड असं मिटलं, जणू डब्याचं झाकण.

"आता?" मी विचारलं.

तो भिंतीकडे वळून एक दार पुसू लागला. ते दार आधीच लखलखत होतं. त्याच्या मागे, अंगणात, बुटक्या, बिनटपाच्या जीपला जोडलेला बिनकठड्याचा ट्रेलर उभा होता. गाडी चढवायचा.

३

मामा गाडी नेहमी रिव्हर्स घालून लावतो. तोंड दाराकडे, पाठ भिंतीला. तोंडाचीच काळजी असते, कारण खडे पुढून येतात. भिंत आणि डिकी यांच्यामध्ये मांजर जेमतेम मावेल. तिथे कोण कशाला बघतंय?

मी मामाला हँडब्रेक सोडायला लावला आणि दोघांनी गाडी हातभर पुढे ढकलली. मग मी टॉर्च घेऊन मागे शिरले.

डिकीच्या खालच्या अंगाला, मागच्या बंपरच्या वर आणि खाली, टवकेच टवके. ताजे. पत्र्याला अजून गंजाची तांबूस छटासुद्धा चढली नव्हती. बंपरच्या खाचेत डांबर लागलेला एक खडा चिकटून बसला होता. तो मी काढून तळहातावर घेतला.

मग पुढे आले. बॉनेट उघडलं आणि वरून नव्हे, आतून, कडेच्या घडीवरून नख फिरवलं. जिथे कोणी हात लावत नाही तिथे. नख अडखळलं. केसाएवढी एक कड होती. पारदर्शक.

"सापडलं?" मामाने विचारलं. आवाज अगदी हळू.

"तुझं डोकं सापडलं, मामा. जागेवरच होतं."

तो तिथेच गॅरेजच्या पायरीवर बसला.

२

सगळ्यांना मी गॅरेजमध्ये बोलावलं. मामा, मामी, दादा, कर्नल. कलाकारही आला, बळी द्यायला आणल्यासारखा.

"मामाच्या बोटाने खरं सांगितलं," मी म्हटलं. "थेंब दिसतो पण पेपरला लागत नाही, कारण दोघांच्या मध्ये काहीतरी आहे. खड्यांपासून रंग वाचवायची पारदर्शक फिल्म. बॉनेटवर, पुढच्या दोन्ही बाजूंवर. कडा आत दुमडलेल्या. मामा पेपरने रंग घासत नव्हता, फिल्म घासत होता. प्लास्टिकचं पाणी हिरवं कसं होईल?"

"फिल्म?" मामा म्हणाला. "माझ्या गाडीला? मी शंभरदा सांगितलंय, चामडीवर पिशवी घालून जगायचं नाही."

"म्हणून तर मला ते सुचलंच नाही."

"हे बघ," दादा म्हणाला, "पण मीटर..."

"ट्रेलरवरच्या गाडीची चाकं फिरत नाहीत. कर्नलकाका, तुमची गाडी जमिनीपासून वर होती ना? ट्रेलर आणि पुढची बुटकी जीप भिंतीआड होती. आवाज होता तो जीपचा. आणि गाडी पाठमोरी येत होती, कारण ती उलटी चढवली होती."

"सुनेला सांगतो," कर्नल म्हणाले. "आत्ताच जाऊन सांगतो." पण गेले नाहीत.

"उलटी कशाला चढवायची?" दादा.

मी कलाकाराकडे पाहिलं. तो पायाच्या बोटांकडे बघत म्हणाला, "फिल्म नवी लावली की कडा बसायला वेळ लागतो. ताईंना घाई होती. समोरून वारा आणि खडी लागून फिल्म उचलू नये, म्हणून मी म्हटलं, तोंड मागे करू. जपायला म्हणून केलं हो."

"आणि जीपच्या चाकांनी उडवलेली सगळी खडी डिकीवर बसली." मी तळहातावरचा डांबरी खडा पुढे केला. "टवके उडू नयेत म्हणून गाडी नेली. टवके तिथेच उडाले."

मामाने खडा घेतला. डाव्या हाताने. "ताईंना, म्हणाला हा. कुठल्या ताई?"

 कुंड्यांना पाणी कोणी घातलं हे मला माहीत होतं, पण ते माझ्या तोंडून यायला नको होतं.

"मी नेली," मामी म्हणाली.

दादाने तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच "हे बघ" म्हटलं नाही.

"तू?" मामा उठला. "घरी आल्यापासून मी माझ्या डोक्यावर पाळत ठेवून आहे. साखर घातली हे जिभेला कळतं, तरी डबा उघडून बघतो. कुलूप लावलं हे हाताला कळतं, तरी परत जाऊन ओढतो. आणि तू समोर बसून मला भिंगाचं सांगत होतीस?"

"मला काय माहीत तुम्ही लगेच पेपर घेऊन बसाल! वाटलं, कळणारच नाही. मग ह्या पोराने डॉक्टर काढला. मग सांगायचं कसं?"

"पण केलंस कशाला?"

मामी बॉनेटवरच्या त्या ओघळलेल्या थेंबाकडे बघत राहिली. "हा पडला तेव्हा मी इथेच दारात होते. डोळा नव्हता तो. ऑपरेशन झाल्यावरही तुम्ही कप डाव्या हाताने धरता. नवा टवका आला की तुम्ही काडी घेऊन बसणार, आणि पुन्हा असा थेंब पडणार, आणि पुन्हा तासभर त्याच्याकडे बघत बसणार. म्हटलं, नवा टवका यायलाच नको. हा थेंबही पुसून देतो म्हणाला होता कलाकार. मीच नको म्हटलं. पुसलेला दिसला असता तर तुम्हाला कळलं असतं, की मला कळलंय."

 मामाचा उजवा हात खिशात होता. खिशाचं कापड बारीक हलत होतं. ते आता सगळेच बघत होते, आणि कुठे बघावं हे कोणालाच कळत नव्हतं.

१

शेवटी मामाने तो हात बाहेर काढला. लपवून दमल्यासारखा बॉनेटवर ठेवला. फिल्मवर.

"सोमवारची वेळ मोडू नकोस," तो दादाला म्हणाला. "डॉक्टर तेवढा बदल. डोकं ठीक आहे. ह्याचं काय ते विचारून येऊ."

दादा मान हलवून मोबाइलमध्ये बघू लागला. स्क्रीन बंद होता.

"आणि तू," मामा मामीकडे वळला, "मागचं सगळं भरून द्यायचं. तू."

"कलाकार देईल की भरून."

"तो उलटा भरील." कलाकार हसला, मग हसायचं नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं. "काडी तू धरायची. मी नुसता बोलणार."

"आयुष्यभर दुसरं काय केलंत?"

पुढे एकदा मी गेले तेव्हा गाडी उलटी उभी होती, पाठ दाराकडे. मामी पाटावर बसलेली, चष्मा नाकावर उतरलेला, हातात भिजवलेला पेपर. मामा तिच्या मागे खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर उघडे. एक शांत, एक आपल्याच तालात. डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या आणि खोटी आशा दिली नव्हती.

"दाबू नकोस. अगं, चपाती नाही ती."

"चपाती करून बघा एकदा, मग बोला."

"गोल नको. सरळ. सरळ घास म्हटलं ना!"

ती घासत होती. भरलेला टवका हळूहळू सपाट होत होता, अजून थोडा उंच, अजून थोडा. तिने पेपर वाडग्यात बुडवला आणि थबकली.

"अहो," ती म्हणाली. "बघा."

मामा पुढे वाकला. वाडग्यातलं पाणी हिरवं झालं होतं.